वडिलांचे दोन संसार आणि एक मृत्युपत्र: मसुदा कसा असावा?

पाऊलवाट (धागाकर्ती)

माझे वडील ८० वर्षांचे आहेत, प्रकृतीने ठीक आहेत आणि त्यांना मृत्युपत्र करायचे आहे. गेली दोन वर्षे ही गोष्ट ‘करू या’ इथपर्यंत येऊन थांबते, कारण कागदावर पहिले वाक्य लिहायला घेतले की आमच्या घराचा इतिहास आडवा येतो. तो सांगितल्याशिवाय सल्ला मागणे योग्य नाही, म्हणून जमेल तितका स्पष्ट सांगते.

बाबांचे पहिले लग्न १९७१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी झाले. त्या लग्नापासून त्यांना एक मुलगा आहे, तो माझा दादा. बाबा नोकरीसाठी गिरगावातल्या चाळीत राहत आणि मोठी आई गावी. १९७६ साली गावातल्या चार जाणत्या माणसांसमोर मुद्रांक कागदावर सोडचिठ्ठी लिहिली गेली. तिच्यावर बाबांची सही आणि मोठ्या आईचा अंगठा आहे, पण कोर्टात कोणी गेले नाही. १९७९ साली दादरच्या एका कार्यालयात बाबांचे माझ्या आईशी लग्न झाले. आई त्या वेळी विधवा होती आणि तिच्या पदरात तीन वर्षांची मुलगी होती. ती माझी ताई. शाळेत तिला बाबांचेच नाव लागले, दत्तकविधान मात्र कधी झाले नाही. माझा जन्म १९८१चा. मोठी आई गावी हयात आहे, बाबा तिला दरमहा पैसे पाठवतात आणि दादा गणपतीला आमच्याकडे येऊन जातो. कोणाचे कोणाशी भांडण नाही. ते पुढेही होऊ नये, एवढीच माझी तळमळ आहे.

मिळकत अशी: गोरेगावचा दोन खोल्यांचा फ्लॅट, जो बाबांनी स्वकष्टाने घेतला आणि एकट्याच्या नावावर आहे, गिरगावची पागडीची खोली, जिची भाडेपावती बाबांच्या नावावर आहे आणि जिथे ताई तिच्या कुटुंबासह राहते, गावच्या वडिलोपार्जित घरातला बाबांचा हिस्सा, आणि बँकेतल्या ठेवी व काही शेअर, ज्यांवर आईचे नॉमिनेशन आहे.

आतापर्यंत चार सल्ले मिळाले. एकाने छापील नमुना दिला: ‘माझी सर्व मिळकत माझ्या पत्नीस आणि तिच्या पश्चात माझ्या मुलांस समान.’ दुसऱ्याने आईबाबांचे एकत्र मृत्युपत्र सुचवले. तिसरा म्हणाला, आईला तहहयात हक्क द्या आणि मालकी मुलींना. चौथ्याने मृत्युपत्राच्या भानगडीत न पडता फ्लॅट आत्ताच आईच्या नावे बक्षीसपत्राने करायला सांगितले. यातले कोणते योग्य, आणि का?

पिंपळपान

नमुना निवडण्याआधी मृत्युपत्रच नसेल तर काय होईल ते पाहा, म्हणजे धोका नेमका कोणाला आहे ते कळेल.

हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला, पण आपल्याकडे मुंबई प्रांताने द्विभार्याप्रतिबंध त्याआधीच, १९४६ साली केला होता. १९७९च्या लग्नाची वैधता १९७६ची सोडचिठ्ठी खरी ठरते की नाही यावर अवलंबून आहे. कोर्टाबाहेरची सोडचिठ्ठी किंवा काडीमोड फक्त तिथेच चालते जिथे त्या समाजात तशी जुनी, अखंड रूढी आहे, आणि ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९(२)ने राखून ठेवले आहे ते एवढेच. मुद्रांक कागद आणि चार पंच ही रूढी नव्हे, आणि पन्नास वर्षांनंतर ती सिद्ध करणारी माणसे हयात असतीलच असे नाही.

सोडचिठ्ठी टिकली नाही, तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानुसार तुमच्या वडिलांचे वारस तीन: मोठी आई विधवा म्हणून, दादा, आणि तुम्ही. तुम्ही अशासाठी, की अवैध विवाहाची अपत्ये हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ने औरस मानली आहेत आणि आईवडिलांच्या मिळकतीत त्यांना हक्क आहे. तुमच्या आईला शून्य. सोडचिठ्ठी टिकली, तर मोठ्या आईला शून्य आणि आई, दादा व तुम्ही यांना एकेक तृतीयांश. ताईला दोन्ही बाजूंनी काहीही नाही, कारण सावत्र मुलगी पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत येत नाही.

चाळीस-पंचेचाळीस वर्षे संसार केलेली बाई आणि बाबांनी स्वतःचे नाव दिलेली मुलगी, या दोघींना वाचवणारा एकच कागद आहे, तो म्हणजे मृत्युपत्र. म्हणून ते असे हवे, की लग्नाचा निकाल कसाही लागला तरी कोलमडू नये. छापील नमुना इथेच पडतो. त्यात ‘माझी पत्नी’ म्हणजे कोण, हा प्रश्न मृत्युपत्र वाचणाऱ्यावर सोडला आहे, आणि ‘माझी मुले’ या शब्दांत ताई येते की नाही, हाही.

पाऊलवाट

उत्तर वाचून दोन दिवस काही सुचले नाही. आईचे नाव रेशनकार्डावर पत्नी म्हणून आहे, मतदार यादीत आहे, सोसायटीच्या नोंदीत आहे. या सगळ्याला काही किंमत नाही का? आणि मृत्युपत्रात पहिल्या लग्नाचा उल्लेख करणे खरोखर आवश्यक आहे का? सोसायटीत कोणाला ठाऊक नाही. आईला या वयात ते चव्हाट्यावर आलेले सोसणार नाही.

गुलबक्षी

पाऊलवाट, आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी, कारण आमच्या घरी हाच प्रसंग आला होता. माझ्या मामांनी मृत्युपत्रात पहिल्या घराबद्दल एक अक्षर लिहिले नाही, केवळ मामींना वाईट वाटू नये म्हणून. ते गेल्यावर पहिल्या घरच्या मुलांनी एवढेच म्हटले, की वडिलांना आमचा विसर पडणे शक्यच नाही, तेव्हा हा कागद त्यांच्याकडून कोणीतरी करून घेतला आहे. हा तर्क कोर्टातही वजनाचा ठरतो. जवळच्या वारसाला वगळले आणि कारण दिले नाही, की ती ‘संशयास्पद परिस्थिती’ होते, आणि तिचे निराकरण मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर येते. मामींना सात वर्षे कोर्टात जावे लागले. जे झाकायचे म्हणून वगळले, त्याचीच उलटतपासणी भर कोर्टात त्यांना ऐकावी लागली. ते मी शेजारी बसून पाहिले आहे.

उल्लेख करावा, पण निवाडा करू नये. बाबांनी स्वतःच स्वतःचे दुसरे लग्न अवैध असल्याचे लिहायचे कारण नाही आणि वैध असल्याची शपथही घ्यायची नाही. ‘अमुक साली माझा अमुक हिच्याशी विवाह झाला, अमुक साली आम्ही विभक्त झालो, १९७९पासून मी अमुक हिच्यासोबत संसार केला आणि तिने माझी आजतागायत साथ केली’ एवढी वस्तुस्थिती तारखांसह पुरेशी आहे. देणगी मात्र नात्याला न देता व्यक्तीला द्यावी: पूर्ण नाव, माहेरचे नाव, जन्मतारीख, पत्ता. आणि त्यापुढे एक वाक्य असावे, की नात्याचा उल्लेख केवळ ओळखीसाठी आहे, त्या नात्याच्या कायदेशीर वैधतेवर ही देणगी अवलंबून नाही. भारतीय वारसा कायद्याचे कलम ७६ सांगते, की कोणाला द्यायचे ते शब्दांवरून पुरेसे कळत असेल तर वर्णनातल्या चुकीने देणगी बाद होत नाही. त्याचा आधार आहेच, पण त्यावर विसंबून राहण्याची वेळच येऊ देऊ नये.

रेशनकार्ड आणि मतदार यादी यांनी एकत्र राहणे सिद्ध होते. दीर्घ सहवासावरून विवाह झाल्याचे गृहीतही धरले जाते, पण आधीचा जोडीदार हयात आहे आणि ते लग्न मोडलेले नाही असे दिसले, की ते गृहीतक उरत नाही.

जुना दप्तरी

मी आयुष्यभर दस्तांचे मसुदे केले, म्हणून शब्दांपुरते बोलतो.

‘सर्व मिळकत पत्नीस, तिच्या पश्चात मुलांस’ हे वाक्य आपल्याकडच्या निम्म्या मृत्युपत्रांत असते आणि ते सदोष आहे. एकदा पूर्ण मालकी दिली, की त्याच मिळकतीची पुढची वाटणी देणाऱ्याच्या हातात राहत नाही, आणि पश्चातची देणगी निरर्थक ठरते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली मौलेश्वर मणी खटल्यात हे स्पष्ट केले आहे. तेव्हा दोन्हींतले एक निवडा: मालकी द्यायची असेल तर पुढचे बोलू नका, आणि पुढचे ठरवायचे असेल तर आधी फक्त ‘तहहयात राहण्याचा व उपभोगाचा हक्क, विक्री, गहाण वा बक्षीस देण्याचा अधिकार नाही’ असे लिहा.

तहहयात हक्काबाबत एक बारकावा आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४(२)नुसार मृत्युपत्राने मर्यादित हक्क देता येतो. परंतु तो हक्क स्त्रीच्या आधीपासूनच्या पोटगीच्या हक्कापोटी दिला असेल, तर कलम १४(१)ने तो पूर्ण मालकीत बदलतो, हे १९७७च्या तुलसम्मा निकालापासून मान्य आहे. तुमच्या आईबाबत तसा हक्क होता का, हा वाद पुन्हा १९७९च्या लग्नापाशीच येतो. म्हणून मी असे सुचवीन: फ्लॅट आईला तहहयात आणि तिच्या पश्चात ताई व तुम्ही निम्मा-निम्मा. समजा उद्या कोर्टाने आईची पूर्ण मालकी मानली आणि आईचे मृत्युपत्र नसले, तरी कलम १५ने आईचे वारस तिच्या पोटच्या दोन्ही मुलीच आहेत. दादा आईचा सावत्र मुलगा असल्याने त्या पहिल्या पायरीत येत नाही. म्हणजे मार्ग कोणताही ठरो, फ्लॅट त्याच दोन हातांत पोहोचतो. पिंपळपान यांनी वर म्हटलेले कोलमडू न देणे म्हणजे हेच. तरीही आईंनी त्याच सुमारास स्वतःचे स्वतंत्र मृत्युपत्र करावे.

एकत्र मृत्युपत्र नको. त्यात ‘आम्ही उभयता पतिपत्नी’ हे पहिलेच शब्द वादाचे आहेत. शिवाय परस्परांत बदल न करण्याचा करार होता असे दिसले, तर एकजण गेल्यावर दुसऱ्याचे हात बांधले जातात. आणि ज्याला द्यायचे तो बाबांच्या आधी गेला तर काय, ही तरतूद प्रत्येक कलमात करा. अपत्याचा वाटा त्याच्या मुलांकडे नेण्याची सोय कायद्यात आहे, पण ताई कायद्याच्या दृष्टीने बाबांचे अपत्य नाही. तिच्या मुलांची नावे लिहिली नाहीत तर तो वाटा रद्द होईल.

तिसरा मजला

पागडीच्या खोलीकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही, आणि ताई तर तिथेच राहते.

पागडी ही मालकी नव्हे, भाडेहक्क आहे, आणि मुंबईतला संरक्षित भाडेहक्क मृत्युपत्राने देता येत नाही. जुन्या मुंबई भाडे कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली वसंत प्रताप पंडित खटल्यात तसा निर्णय दिला. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ७(१५)मध्ये भाडेकरूच्या मृत्यूवेळी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला पहिला मान आहे, आणि असा कोणी नसेल तर वारसाला. तुमचे बाबा गोरेगावला राहतात, म्हणजे ताई ‘सोबत राहणारी’ ठरणे कठीण. आणि वारसात ती येत नाही, हे वर आलेच. मृत्युपत्रात कितीही प्रेमाने लिहिले, तरी ही खोली ताईला त्यातून मिळणार नाही.

याचा उपाय बाबा हयात असतानाच करायचा आहे. घरमालकाची लेखी संमती घेऊन, ठरेल ती रक्कम भरून, भाडेपावती ताईच्या नावे करून घ्या. असा व्यवहार १९९९च्या कायद्याच्या कलम ५६ने उघडपणे करता येतो. आमच्या चाळीत एका कुटुंबाने हे ‘पुढच्या वर्षी’ म्हणून लांबवले आणि नंतर पुनर्विकासाच्या यादीत नाव कोणाचे, यावरून भावंडांचे बोलणे बंद झाले. चाळ पुनर्विकासाला गेली की प्रत्येक चौरस फुटाला वारस फुटतात. तुमची चाळ अजून उभी आहे, तेवढ्यात करा.

समईवात

नॉमिनेशनबद्दल थोडक्यात. नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. शेअरबाबत हे सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी शक्ती येझदानी खटल्यात पुन्हा निःसंदिग्ध सांगितले. गृहनिर्माण संस्थांबाबत महाराष्ट्राने २०१९ साली सहकारी संस्था कायद्यात घातलेल्या कलम १५४ब-१३नुसार नॉमिनी हा अंतिम वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासद आहे. आईचे नाव नॉमिनी म्हणून राहू द्यावे, कारण त्यामुळे सुरुवातीचे दिवस सोपे जातात. पण ठेवी आणि शेअर यांची वाटणी मृत्युपत्रात स्वतंत्र लिहावी आणि अखेरीस ‘वर उल्लेख न झालेली व पुढे संपादन होणारी मिळकत’ कोणाला, तेही लिहावे.

पाऊलवाट

सर्वांचे मनापासून आभार. बक्षीसपत्राविषयी कोणी बोलले नाही. आणि एक गोष्ट मोकळेपणाने विचारते: मोठ्या आईला काही द्यावे का? आई म्हणते, द्यावे. बाबा गप्प राहतात.

पिंपळपान

बक्षीसपत्राने मालकी त्याच दिवशी जाते आणि सहसा परत येत नाही. ८० वर्षांच्या माणसाने राहते घर स्वतःच्या हयातीत हातावेगळे करू नये, असे माझे ठाम मत आहे. शिवाय राहत्या घराच्या बक्षीसपत्रावरची मुद्रांक शुल्काची सवलत पती, पत्नी, मुलगा, मुलगी अशा नात्यांना आहे, म्हणजे पुन्हा ‘पत्नी’ हा शब्द आलाच. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येते, ही त्याची मोठी सोय आहे.

मोठ्या आईला अवश्य द्यावे, आणि कायद्याच्या भीतीने देण्याची गोष्ट नव्हे ती. मुंबईत राहून पैसे पाठवणाऱ्या माणसाचे गावचे घर कोणीतरी सांभाळलेले असते, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांचे शेवटचे दिवस कोणीतरी काढलेले असतात, आणि त्याचा हिशेब कोणत्याही दस्तात नसतो. तुमच्या आईंनी ‘द्यावे’ म्हटले, यातच त्यांचे मोठेपण आहे. कायद्याचे म्हणाल, तर हिंदू दत्तक व पोटगी कायद्याच्या कलम २२नुसार ज्या आश्रिताला वाटा मिळाला नाही तो मिळकत घेणाऱ्यांकडून पोटगी मागू शकतो, आणि आश्रितांत विधवा येते. सोडचिठ्ठी टिकली नाही, तर ती विधवा मोठी आईच. तिला नावानिशी गावच्या घरात तहहयात राहण्याचा हक्क आणि एक ठेव दिली, तर हा प्रश्नही उरत नाही. गावच्या घरातला स्वतःचा हिस्सा बाबा हिंदू वारसा कायद्याच्या कलम ३०नुसार मृत्युपत्राने देऊ शकतात. दादाचा जन्मसिद्ध हिस्सा मात्र त्यांचा नाही, तो त्यात घेऊ नये.

जुना दप्तरी

आता सह्यांचे. भारतीय वारसा कायद्याच्या कलम ६३नुसार दोन साक्षीदार हवेत आणि दोघांनी बाबांना सही करताना पाहिलेले असावे, किंवा ही सही माझी असे बाबांनी त्यांना स्वतः सांगितलेले असावे. पुढे कोर्टात किमान एका साक्षीदाराला येऊन सांगावे लागते, म्हणून साक्षीदार बाबांच्या वयाचे मित्र नसावेत. पन्नाशीच्या आतले, मुंबईतच राहणारे, ज्यांना काही मिळणार नाही असे दोघे घ्या. लाभ मिळणाऱ्याने साक्षीदार झाल्यास देणगी बाद होते, हा कलम ६७चा नियम हिंदूंना लागू नाही, हे खरे. पण लागू नाही म्हणून शंका टळत नाही.

याहून महत्त्वाचे तुमच्याविषयी आहे, आणि राग मानू नका. वकील शोधणे, मसुदा तपासणे, निबंधक कार्यालयात सोबत बसणे, यातले काही तुम्ही करू नका. लाभ घेणाऱ्याने मृत्युपत्र घडवण्यात पुढाकार घेतला, की संशय तिथूनच सुरू होतो. १९५९च्या वेंकटाचल अय्यंगार निकालापासून न्यायालये हेच पाहत आली आहेत. बाबांनी वकिलाशी एकट्याने बोलावे, मजकूर मराठीत म्हणजे त्यांच्या भाषेत असावा, आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. नोंदणी सक्तीची नाही, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्कही नाही, पण तुमच्यासारख्या घरात नोंदणी करावीच.

प्रोबेटबाबत, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याबाबत: मुंबईत वर्षानुवर्षे त्याची सक्ती होती, ते भारतीय वारसा कायद्याचे कलम २१३ संसदेने २०२५च्या अखेरीस वगळले. तरी दोन घरे असताना प्रोबेट घेऊन ठेवावे, असे मी म्हणेन. महाराष्ट्रात त्याच्या कोर्ट फीला ७५,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्या अर्जात जवळच्या सर्व नातलगांची नावे द्यावी लागतात आणि संमती न देणाऱ्याला नोटीस जाते. मोठ्या आईचे नाव झाकण्याचा विचार अजून मनात असेल, तर तो सोडून द्या. दादा आणि त्या, दोघांपर्यंत तो कागद जाणारच आहे.

पाऊलवाट

चार महिन्यांनी लिहीत आहे.

धाग्याची प्रत काढून बाबांना वाचायला दिली आणि मी त्यातून बाजूला झाले. ते एकटेच वकिलांकडे तीन वेळा गेले. मधे एकदा कोणालाही न सांगता गावी जाऊन आले. परत आल्यावर एवढेच म्हणाले, की मोठ्या आईला विचारल्याशिवाय तिच्या घराबद्दल लिहिणे मला बरे वाटेना. सोडचिठ्ठीच्या वेळी तिला कोणी विचारले नव्हते, हेही त्यांनी त्या रात्री पहिल्यांदा सांगितले. आई ऐकत होती. तिने मोठ्या आईला फोन लावला आणि दोघी अर्धा तास बोलल्या. काय बोलल्या ते आम्ही विचारले नाही.

मृत्युपत्राची नोंदणी झाली. त्यात काय आहे ते बाबांनी आम्हा तिघा भावंडांना एकत्र बसवून वाचून दाखवले, दादा त्यासाठी मुद्दाम आला होता. फ्लॅट जुना दप्तरी यांनी सुचवल्याप्रमाणे. गावचा हिस्सा दादाला, त्यात मोठ्या आईचा तहहयात हक्क. ठेवींतली एक तिच्या नावे. मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे व्यवस्थापक म्हणून बाबांच्या कार्यालयातले एक तरुण सहकारी, ज्यांचा आमच्या कोणाशी नातेसंबंध नाही. ताईसाठी वकिलांनी ‘सावत्र कन्या’ असे लिहिले होते. बाबांनी ते खोडून ‘जिला मी वयाच्या तिसऱ्या वर्षापासून मुलगी म्हणून वाढवले ती’ असे लिहून घेतले आणि त्यापुढे तिचे पूर्ण नाव व जन्मतारीख. आईच्या मृत्युपत्राचा मसुदा तयार आहे, तिची सही पुढच्या आठवड्यात आहे.

खोलीचे काम अजून झालेले नाही. घरमालकांना अर्ज दिला आहे, ते रक्कम सांगायला तयार आहेत पण संमती लेखी द्यायला टाळाटाळ करतात. तिसरा मजला, आपल्या चाळीत कोणी लेखी संमतीसह भाडेपावती बदलून घेतली असेल, तर त्या पत्रातला मजकूर कसा होता, हे कृपया कळवाल का?

तिसरा मजला

आमच्या शेजाऱ्यांनी घेतली आहे. त्यांच्या पत्रात जुन्या भाडेकरूने हक्क सोडल्याचे, नव्या भाडेकरूला घरमालकाने स्वीकारल्याचे, रक्कम व तिची पावती, आणि पुढच्या महिन्यापासूनची भाडेपावती कोणाच्या नावे निघेल, या चार गोष्टी एकाच कागदावर होत्या आणि तिघांच्या सह्या होत्या. रक्कम धनादेशाने द्या. त्यांची परवानगी घेऊन, नावे झाकून, मजकूर उद्या संध्याकाळपर्यंत इथे टंकून देतो.